गाडीचं पोट आणि डेट्रॉईटखालचं मीठ

२००८ सालचा एप्रिल. मी तेव्हा ऑनसाईटला होतो, डेट्रॉईटच्या एका उपनगरात. शनिवार होता, बर्फ नुकता वितळला होता, चक्क ऊन पडलं होतं, आणि मी देशी दुकानातून कोथिंबीर आणि पार्ले-जी घेऊन निघालो होतो. पार्किंगमधून गाडी रिव्हर्स घेतली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ आत गेला. आत म्हणजे जवळजवळ फ्लोअरपर्यंत. गाडी थांबली, पण लगेच नाही. मागे एक बाई ढकलगाडीत मूल घेऊन उभी होती. तिच्यात आणि माझ्या बंपरमध्ये किती अंतर उरलं होतं ते मी आजही सांगू शकतो, पण सांगत नाही.

गाडी टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिकने लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी, साधारण पेन्सिलीपेक्षा बारीक, एका ठिकाणी फुटून ठिबकत होती. बाकीच्या नळीवर पापुद्रे धरले होते. त्याने बोटाने एक पापुद्रा काढला तर आतलं लोखंड बिस्किटासारखं भुगा झालं. "खालून कधी धुतली होतीस?" त्याने विचारलं. मी गाडी नियमित धुवायचो हो! वरून. वॅक्ससुद्धा करायचो. खालून धुवायची असते हे माझ्या गावीही नव्हतं.

रात्री घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं (बाईचं सोडून). ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, आपल्या पद्मिनीला दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारायचो, ते काय उगीच? तेव्हा हसायचास." हसायचो खरा. आमचं घर अलिबागला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि मे महिन्याच्या शेवटी बाबा आणि गॅरेजवाला दोघं गाडीखाली झोपून ब्रशने ते काळं तेल फासायचे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याची लाज वाटायची.

असो. तर त्या दिवसापासून मला एक किडा चावला. अमेरिकेत मार्च-एप्रिल आला की सगळीकडे "तुमच्या गाडीची वसंत ऋतूतली निगा" छापाचे लेख येतात. तेल बदला, कूलंट बघा, धुवा, पुसा. आपल्याकडे जसे मे महिन्यात "पावसाळ्यापूर्वी गाडीची घ्या काळजी" हे लेख येतात तसेच. पण वसंतच का? ह्यातल्या प्रत्येक कलमाच्या मागे काहीतरी कारण असणार, जसं जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ असते आणि तिच्यामागे कुणाचा तरी रात्री दोन वाजता फुटलेला सर्व्हर असतो. मग शनिवार-रविवार वाचत बसलो.

सुरुवातीला हिवाळ्यात गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. १९१० साली सगळ्या अमेरिकेत मिळून मोटारी होत्या जेमतेम पावणेपाच लाख. त्यातल्या बहुसंख्य उघड्या, वर फार तर कापडाचं टप. आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरचा बर्फ कुणी काढत नसे! न्यू इंग्लंडकडे तर उलट बर्फ दाबून सपाट करायचे. घोडे जुंपलेले प्रचंड लाकडी रोलर फिरवायचे, कारण वाहतूक स्लेजची, म्हणजे घसरगाडीची. तिला बर्फ हवाच. आपण आज बर्फ साफ केला म्हणून नगरपालिकेला दुवा देतो, तेव्हा कुणी साफ केला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या.

मग मोटारवाला काय करायचा? नोव्हेंबरात गाडी झोपवायचा. हा अक्षरशः एक विधी होता. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, म्हणजे टायरवर वजन नको. रेडिएटर आणि इंजिनातलं पाणी थेंबन्‌थेंब काढायचं, कारण पाणी गोठताना फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. असलीच तर बॅटरी काढून उबदार जागी ठेवायची आणि अधूनमधून चार्ज करायची, उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटते. आणि मार्च-एप्रिलात हे सगळं उलट्या क्रमाने. पाणी भरा, ग्रीस बदला, होसपाईप तपासा, आणि हात घातलाच आहे तर इंजिनाचं डोकं उघडून कार्बन खरवडा आणि व्हॉल्व्ह घासा. वसंतातल्या देखभालीचं मूळ इथे आहे. स्वच्छतेचा त्यात फारसा संबंध नाही. चार महिने बंद पडलेली यंत्रणा पुन्हा बूट करायची चेकलिस्ट होती ती.

थोडं फोर्डच्या मॉडेल टीबद्दल सांगायलाच हवं (१९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या), कारण तिने हा विधी सामान्य माणसाच्या घरात आणला. श्रीमंतांकडे शोफर होता. मॉडेल टीवाला शेतकरी स्वतःच शोफर आणि स्वतःच मेकॅनिक. आणि हे गडी हिवाळ्यातही गाडी चालवायला बघत. थंडीत इंजिनातलं तेल इतकं घट्ट व्हायचं की क्लचच्या तबकड्या एकमेकींना चिकटायच्या, आणि हँडल मारून इंजिन सुरू झालं की गाडी न्यूट्रलमध्येच पुढे सरकायची, हँडल मारणाऱ्याच्या अंगावर! उपाय काय? मागचं एक चाक जॅकवर उचलायचं. म्हणजे ते नुसतं हवेत फिरेल. इंजिन तापलं की चाक खाली. शिवाय किटलीभर उकळतं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं. ऑफिसला उशीर का झाला ह्याचं कारण म्हणून मला हे फार आवडलं.

१९२० च्या दशकात चित्र पालटलं. १९२० सालीच वाहनांची संख्या ९२ लाखांवर गेली होती. १९२२ मध्ये एसेक्सने बऱ्यापैकी स्वस्त बंद गाडी काढली आणि तीन वर्षांत ती त्यांच्याच उघड्या गाडीपेक्षा स्वस्त झाली. दशक संपता संपता उघडी गाडी ही चैनीची चीज होऊन बसली. छप्पर आलं, खिडक्या आल्या, मग माणूस हिवाळ्यात घरी का बसेल? राज्यांनी मुख्य रस्त्यांवरचा बर्फ काढायला सुरुवात केली. आता गाडी झोपवायची नव्हती, चालवायची होती. म्हणजे दोन ऋतूंसाठी दोन सेटिंग्ज.

पहिलं सेटिंग पाण्याचं. पाणी गोठू नये म्हणून लोकांनी काय काय घातलं असेल? अल्कोहोल, ग्लिसरीन, कॅल्शियम क्लोराईड (ह्याने रेडिएटर खाल्ला), मधसुद्धा! त्यातल्या त्यात अल्कोहोल स्वस्त आणि चालणारं, पण ते पाण्याच्या आधी उकळतं. मेथॅनॉल तर ६५ अंशांनाच. मार्चमध्ये एखादा गरम दिवस आला की सगळं उडून जायचं, आणि त्याच रात्री पारा उतरला की ब्लॉक तडकला. म्हणून वसंतात अल्कोहोल काढून साधं पाणी भरायचं, हा नियम. १९२७ मध्ये इथिलीन ग्लायकॉल "प्रेस्टोन" नावाने बाजारात आलं. ग्लायकॉल काही नवीन नव्हतं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्‌झने ते १८५० च्या दशकातच बनवलं होतं. पाण्यात निम्मं मिसळलं तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं आणि शंभराच्या वर उकळतं. म्हणजे दोन्ही ऋतूंना एकच द्रव. तरी लोक सवयीने दर वसंतात काढतच राहिले. बारा महिने तेच कूलंट ठेवा असं गाडीवालेच सांगू लागले ते १९६० च्या दशकात. सवय नावाची गोष्ट तंत्रज्ञानापेक्षा तीस-पस्तीस वर्षं मागे चालते.

दुसरं सेटिंग तेलाचं. इथे एक मजा. तुमच्या इंजिन ऑईलच्या डब्यावर "१०डब्ल्यू-३०" किंवा "५डब्ल्यू-३०" लिहिलेलं असतं ना? त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. मी कित्येक वर्षं तो वेट म्हणजे वजनाचा समजत होतो, आणि दोन-तीन जणांना तसं ठासून सांगितलंही होतं, त्यांची माफी मागतो. अमेरिकेतल्या ऑटोमोबाईल इंजिनीअरांच्या संस्थेने (एसएई) तेलाच्या दाटपणाचे नंबर पहिल्यांदा ठरवले १९११ मध्ये. हिवाळ्याचे वेगळे नंबर १९३० च्या दशकात आले आणि १९५० च्या सुमारास पक्के झाले. तोपर्यंत, आणि नंतरही बरीच वर्षं, हिवाळ्यात पातळ तेल आणि उन्हाळ्यात दाट. एप्रिलमध्ये बदललं नाही तर जुलैमध्ये तेल पाण्यासारखं होऊन बेअरिंगं वाजायची. १९५० च्या दशकात मल्टिग्रेड तेलं आली. त्यात लांबलचक पॉलिमर असतात. थंडीत ते गुंडाळून बसतात, गरम झाले की पसरतात आणि तेलाला दाटपणा देतात. तेलालाच ऋतू कळायला लागला म्हणा ना. चेकलिस्टवरचं आणखी एक कलम गेलं.

तिसरं कलम म्हणजे ट्यूनिंग. हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी फियाट किंवा अँबेसेडर होती त्यांना आठवत असेल. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पॉईंटचं गॅप ब्लेडच्या पात्याने बघायचं (फीलर गेज असतो, पण तो कधी सापडलाय?), टायमिंग कानाने लावायचं. पेट्रोलमध्ये शिसं होतं, त्याचे क्षार प्लगवर बसायचे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, त्यांना शिसं चालत नाही म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्याच सुमारास पॉईंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कार्बोरेटरही गेला. आपल्याकडे शिसं देशभरातून २००० साली गेलं. आता प्लग लाखभर किलोमीटर जातो आणि टायमिंग एक चिप बघते. वसंतातलं ट्यूनिंग संपलं.

आता गंमत बघा. कलमं एकेक करून गळत होती तेव्हाच एक नवीन कलम गुपचूप घुसलं. माझ्या ब्रेकच्या नळीचं.

१९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावर मीठ टाकून बघितलं, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते धोरण म्हणून स्वीकारणारं ते पहिलं राज्य ठरलं. त्या वर्षी सगळं मिळून मीठ टाकलं ५,००० टन. युद्ध संपलं, हायवे वाढले, आणि लोकांना हिवाळ्यातही काळाभोर कोरडा रस्ता हवासा वाटू लागला. १९५५ च्या सुमारास देशाचा आकडा १० लाख टन होता, १९७० च्या आसपास तो १ कोटीच्या जवळ पोचला. हल्ली वर्षाला २ कोटी टनांच्या घरात आहे. मिठाने अपघात कमी झाले हे खरंच, त्याबद्दल वाद नाही. रस्त्यावर माणसं मेली नाहीत, त्याची किंमत गाड्यांनी, पुलांनी आणि विहिरींनी चुकवली.

आणि हे मीठ येतं कुठून? डेट्रॉईट शहराच्या खाली, सुमारे बाराशे फुटांवर, मिठाची खाण आहे. १९१० मध्ये सुरू झालेली. साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, तो आटला, त्याचं हे मीठ. खाली भलेमोठे बोगदे आहेत, त्यात ट्रक धावतात, आणि ते ट्रक शाफ्टमधून मावत नाहीत म्हणून सुटे करून खाली नेतात आणि खालीच जोडतात. म्हणजे ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच शहराच्या पोटात त्या मोटारी खाणारं मीठ. मी दोन वर्षं त्यावर राहत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मिठाने गंज का चढतो हे दहावीच्या विज्ञानात असतं. ओलं मीठ म्हणजे वीज वाहून नेणारं पाणी, आणि लोखंडावर हजारो छोट्या बॅटऱ्या चालू. पण दहावीच्या पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी मला ह्या वाचनात कळल्या, आणि वसंताचं उत्तर त्यांत आहे. एक, थंडीत ही प्रक्रिया मंद असते. जानेवारीत उणे १५ अंशांना गाडीखाली चिकटलेलं मीठ बरचसं निपचित पडलेलं असतं. ऊब आली की ते कामाला लागतं. म्हणून हिवाळाभर रोज गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवणं गंजाच्या दृष्टीने उलट वाईट! दोन, मिठाला पावसाची गरज नसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. हल्ली मिठाबरोबर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराईडही वापरतात, ती तर ३०-३५ टक्क्यांनाच ओली होतात, म्हणजे जवळजवळ कायमच. तेव्हा डिसेंबर ते मार्च गाडी मीठ साठवते, आणि एप्रिल-मेमध्ये ते मीठ गाडी खातं. मधल्या फटीत धुवायचं. रस्त्यांवर मीठ टाकणं थांबल्यावर आणि उन्हाळा येण्याआधी. तारीख ह्या दोन गोष्टींनी ठरते.

गंजाचा खरा कहर झाला १९६० आणि ७० च्या दशकात, आणि त्याला आणखी एक कारण होतं. पूर्वी गाडीला खाली जाड लोखंडी फ्रेम असायची आणि त्यावर बॉडी ठेवलेली. बॉडी गंजली तर दिसायला वाईट, बस. १९६० पासून क्रायस्लरसारख्यांनी फ्रेम काढून टाकली आणि पत्र्याच्या बॉडीलाच भार वाहायला लावलं. हलकी गाडी, चांगला मायलेज. पण आता गंज म्हणजे सांगाडाच पोकळ. कॅनडात गंजलेल्या फोर्ड गाड्यांच्या मालकांनी चक्क संघटना काढली. इंग्लंडमध्ये तर १९८० साली लँचियाला "बेटा" मॉडेलच्या गाड्या मालकांकडून परत विकत घ्यायला लागल्या, कारण इंजिनाचा सबफ्रेम जिथे बसतो तिथलाच पत्रा गंजत होता. डेट्रॉईटमध्ये १९५९ पासूनच झीबार्ट नावाचं दुकान गाड्यांच्या पोकळ्यांत मेणासारखा लेप मारून देत होतं. म्हणजे आमच्या बाबांचं जळकं ऑईल, फक्त पैसे घेऊन आणि वॉरंटी देऊन. (जळकं ऑईल न्यू इंग्लंडचे म्हातारे शेतकरीही मारायचे हे वाचून मला फार आनंद झाला. पण मारू नका. ते पहिल्याच पावसात जमिनीत जातं आणि तिथून विहिरीत.)

मग कंपन्या जाग्या झाल्या. पोर्शने १९७६ च्या मॉडेलला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला, ऑडीने पुढच्या दशकात पूर्ण बॉडी तशी केली, अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेने प्रायमर चढवायची पद्धत सगळीकडे रुळली. आजची गाडी वरून गंजत नाही. दार, बॉनेट, मडगार्ड, सगळं चकचकीत. आणि इथेच फसगत होते, निदान माझी झाली. पूर्वी गंज डोळ्यांना दिसायचा. आता तो फक्त तिथे उरलाय जिथे आपण बघत नाही, नळ्यांवर, ब्रॅकेटवर, सबफ्रेमवर.

मी एकटाच मूर्ख नव्हतो ह्याचा पुरावा २०१५ साली मिळाला. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या सुमारे ५० लाख ट्रक आणि एसयूव्हींच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटतात अशा तक्रारी होत्या. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने कित्येक वर्षं चौकशी केली आणि त्या एप्रिलमध्ये ती बंद केली. निष्कर्ष असा की हा एका कंपनीचा दोष नसून मिठाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांची झीज आहे. रिकॉल नाही. त्याऐवजी सूचना. हिवाळ्यात गाडी खालून धूत राहा, वसंतात एकदा नीट धुवा, आणि २००७ ची किंवा त्याआधीची असेल तर नळ्या तपासून घ्या. कंपनी सुटली आणि मालकाच्या हातात होसपाईप आला, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतं. गंज न चढणाऱ्या, तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या व्होल्वोने १९७० च्या दशकातच घातल्या होत्या. गाडीच्या किमतीत त्याने असा काय फरक पडला असता?

आणि मी वाचलो कशाने? अमेरिकेत १९६८ पासून ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किटं सक्तीची आहेत. एक फुटलं तरी दुसऱ्यावर निम्मे ब्रेक लागतात. म्हणून पाय फ्लोअरला टेकूनही गाडी थांबली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एकच सर्किट. त्यात त्या दिवशी काय झालं असतं ह्याचा विचार मी करत नाही.

आपल्याकडे वसंत हा त्या अर्थाने ऋतूच नाही. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. पण आपलीही एक वार्षिक धुलाई आहेच की! दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा. पाऊस संपलेला असतो, चिखल सुकलेला असतो, आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू व्हायच्या बेतात असतं. तारीख अगदी बरोबर आहे. फक्त आपण वरून धुतो आणि हार बॉनेटला घालतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे राहणाऱ्यांच्या गाडीवर तर बारा महिने खारी हवा, आणि पावसाळ्यात आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच येते. वरचं गणित पुन्हा वाचा.

मी २००९ ला परत आलो. त्या नळीचा इंचभर तुकडा मेकॅनिककडून मागून घेतला होता, तो सामानात आणला. बाबांनी चष्मा लावून बघितला, नखाने खरवडला आणि विचारलं, "किती वर्षांची गाडी?" अकरा, मी म्हटलं. "आपली एकवीस वर्षं चालली," ते म्हणाले आणि तुकडा परत दिला. पद्मिनी तोवर भंगारात गेली होती. पत्रा शाबूत होता, इंजिन गेलं होतं.

हल्ली दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी पुण्यातल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवायला लावतो आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली उभा राहतो. पोऱ्या पाण्याचा प्रेशर मारतो. पहिली दोन मिनिटं नुसतं लाल पाणी येतं.